जर्नलमधली क्वेरी कोणत्या एसक्यूएलमध्ये आहे? : अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञान अभ्यास मंडळे,
महाराष्ट्रातील विद्यापीठे

विषय : डेटाबेसच्या प्रात्यक्षिकांतील क्वेरी एसक्यूएलच्या मानकाशी ताडून पाहण्याबाबत

महोदय,

पुण्यात गेली अठरा वर्षे मी डेटाबेसच्या कामावर पोट भरतो आहे आणि त्यांतली सात-आठ वर्षे वेगवेगळ्या महाविद्यालयांत एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) म्हणून प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायलाही जातो. दोन्ही ठिकाणी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत आली आहे आणि ती आपल्या मंडळांच्या अखत्यारीतली आहे, म्हणून हे पत्र. आपले विद्यार्थी ‘एसक्यूएल’ (डेटाबेसला माहिती विचारण्याची भाषा) या नावाने जे शिकतात, ती बहुतेक वेळा प्रयोगशाळेत जे सॉफ्टवेअर बसवलेले असेल त्याची बोली असते. त्यातले किती या भाषेच्या आंतरराष्ट्रीय मानकात आहे आणि किती त्या एका उत्पादनाचे स्वतःचे आहे, हे जर्नलमध्ये लिहिलेले नसते आणि व्हायवात विचारलेही जात नाही. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, चालली, खाली आउटपुट चिकटवले, सरांची सही झाली, की प्रॅक्टिकल संपले. माझी विनंती अशी आहे की ही सही होण्यापूर्वी क्वेरी मानकाशी ताडून पाहिलेली असावी आणि तसे अभ्यासक्रमातच नमूद असावे.

एक प्रसंग सांगतो. मागे एका महाविद्यालयात ‘प्रत्येक शाखेत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव काढा’ असा प्रश्न होता. एका मुलीने ‘सिलेक्ट’मध्ये शाखा, नाव आणि गुणांचे ‘मॅक्स’ असे तीन कॉलम घेतले आणि शेवटी फक्त शाखेवर ‘ग्रुप बाय’ (ओळींचे गट करणारा भाग) लावले. आउटपुट आले आणि ते दिसायलाही नीटनेटके होते. मी तिला मूळ टेबल उघडायला सांगितले. मेकॅनिकलचे सर्वाधिक ८९ गुण ज्या मुलाच्या नावासमोर आले होते, त्याला प्रत्यक्षात ५२ गुण होते. गुण खरे, नावही खरे, फक्त ते एकमेकांचे नव्हते. दोष त्या मुलीला देता येत नाही, कारण तिच्याच नव्हे तर सगळ्या वर्गाच्या जर्नलमध्ये पहिल्या पानावर मायएसक्यूएल या डेटाबेसचा ‘ओन्ली फुल ग्रुप बाय’ हा पर्याय बंद करणारी ओळ लिहिलेली होती. तो चालू ठेवला की असल्या क्वेरीला एरर येतो आणि एरर आला की प्रॅक्टिकल अडते, म्हणून तो बंद करायची पद्धत पडली होती. मायएसक्यूएलच्या कर्त्यांनी २०१५ साली आलेल्या ५.७ या आवृत्तीपासून हा पर्याय मुद्दाम मुळातच चालू ठेवला, कारण आधीच्या आवृत्त्यांत असली चुकीची उत्तरे निमूटपणे बाहेर पडत होती. म्हणजे जो पहारेकरी उत्पादनाने स्वतःहून दारात उभा केला, त्याला आपण पहिल्याच तासाला घरी पाठवतो.

हीच क्वेरी जशीच्या तशी तीन डेटाबेसवर चालवून पाहण्यासारखी आहे. पोस्टग्रेस ती नाकारते आणि ‘नाव’ हा कॉलम एकतर ‘ग्रुप बाय’मध्ये यायला हवा किंवा एखाद्या बेरजेच्या, कमाल-किमानच्या फंक्शनमध्ये यायला हवा, असे स्पष्ट सांगते. मायएसक्यूएल, वर सांगितलेला पर्याय बंद असताना, त्या गटातल्या कोणत्याही ओळीतले नाव उचलून देते. एसक्यूलाइटची तऱ्हा तिसरीच आहे : क्वेरीत एकच ‘मॅक्स’ किंवा ‘मिन’ असेल तर बाकीचे मोकळे कॉलम ती त्याच कमाल किंवा किमान ओळीतून घेते, त्यामुळे तिथे उत्तर चक्क बरोबर येते. ही सोय एसक्यूलाइटच्या कागदपत्रांत लिहिलेली आहे, मानकात नाही. विद्यार्थी घरी एसक्यूलाइटवर सराव करून आला, तर परीक्षेच्या दिवशी आपले काय चुकले हे त्याला शेवटपर्यंत कळणार नाही. मानकाची भूमिका मात्र पहिल्यापासून ठाम आहे. ज्यावर गट केला नाही असा कॉलम मोकळा ‘सिलेक्ट’ करता येत नाही. १९९९ च्या आवृत्तीने त्यात एक सवलत दिली, ती अशी की गट प्राथमिक कीवर (प्रत्येक ओळ वेगळी ओळखता येते त्या कॉलमवर) केला असेल तर त्या कीने ठरणारे इतर कॉलम चालतात. त्या सवलतीला टी-३०१ असा क्रमांकही आहे. शाखेवरून विद्यार्थ्याचे नाव ठरत नाही, त्यामुळे या क्वेरीला ती सवलतही लागू पडत नाही.

मानक हा शब्द मी वापरतो आहे, तर तो कशाबद्दल हे थोडक्यात सांगायला हवे. कॉड यांचा रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे माहिती टेबलांत मांडण्याच्या कल्पनेचा लेख १९७० चा, चेंबरलिन आणि बॉइस यांची ‘सीक्वेल’ ही मूळ भाषा १९७४ ची, अमेरिकेच्या अ‍ॅन्सी या संस्थेने एसक्यूएलला मानक म्हणून मान्यता दिली १९८६ मध्ये आणि आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८७ मध्ये. आयएसओचा क्रमांक ९०७५. त्यानंतर १९८९, १९९२, १९९९, २००३, २००८, २०११, २०१६ अशा सुधारणा होत होत २०२३ ची आवृत्ती आली. कॉडचे बारा नियम (जे शून्यापासून मोजले तर तेरा भरतात) विद्यार्थ्यांना घडाघडा पाठ असतात, कारण तो व्हायवाचा लाडका प्रश्न आहे. ९०७५ हा आकडा मात्र मी आजवर एकाही विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकलेला नाही.

मानक केले म्हणजे ते पाळले जाते असे नाही, हे ते करणाऱ्यांनाही ठाऊक होते. म्हणून तपासणीची सोय सुरुवातीपासून होती. अमेरिकेच्या केंद्र सरकारने आपल्या खात्यांच्या खरेदीसाठी ‘फिप्स १२७’ हा नियम केला आणि तिथली मानकसंस्था, म्हणजे ‘निस्ट’, चाचणीसंच चालवून डेटाबेस उत्पादनांना अनुरूपतेची प्रमाणपत्रे देत असे. या नियमात आणि १९९२ च्या मानकात ‘फ्लॅगर’ नावाची एक कल्पना होती : उत्पादनाने आपले जास्तीचे शब्द खुशाल ठेवावेत, पण वापरणाऱ्याने मागितल्यास ‘हे वाक्य मानकाबाहेरचे आहे’ असे निशाण दाखवण्याची सोयही ठेवावी. मला ही कल्पना फार सभ्य वाटते. तिच्यात बंदी नाही, फक्त सांगणे आहे. १९९६ मध्ये निस्टचे प्रमाणन थांबले आणि तेव्हापासून आपण मानक किती पाळतो हे प्रत्येक कंपनी स्वतःच जाहीर करते. उत्पादनांची बाहेरून होणारी तपासणी संपली, तेव्हा क्वेरी तपासण्याचे काम ती लिहिणाऱ्याच्या गळ्यात आले. पण हे त्याला कुणी सांगितलेच नाही.

त्या काळाच्या खुणा अजून आहेत. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘सेट फिप्स फ्लॅगर’ ही आज्ञा आजही आहे आणि तिला १९९२ च्या मानकाच्या तीन पायऱ्यांपैकी कोणतीही देता येते. ओरॅकलमध्ये ‘ऑल्टर सेशन सेट फ्लॅगर’ आहे. मायएसक्यूएलमध्ये ‘एसक्यूएल मोड’ला ‘अ‍ॅन्सी’ हे मूल्य दिले की दुहेरी अवतरणचिन्हे मजकुरासाठी न राहता नावांसाठी होतात आणि दोन उभ्या दांड्यांचा अर्थ ‘किंवा’ असा न राहता मजकूर जोडणे असा होतो. विशेष म्हणजे फ्लॅगर हे १९९९ पासूनच्या मानकाच्या अनिवार्य गाभ्यातच एफ-८१२ या क्रमांकाने आले, आणि ज्या पोस्टग्रेसचे मानकनिष्ठ म्हणून आम्ही सगळे कौतुक करतो, तिच्या स्वतःच्याच यादीत ते ‘उपलब्ध नाही’ या सदरात आहे. ही यादी प्रामाणिक आहे, एवढे मात्र म्हणायला हवे : सप्टेंबर २०२४ च्या सतराव्या आवृत्तीत, गाभ्यातल्या १७७ अनिवार्य गोष्टींपैकी किमान १७० आपण पाळतो, असे ते स्वतःच लिहितात.

उत्पादनाबाहेरचे तपासनीसही आहेत. स्वीडनमधल्या उप्साला इथल्या मायमर या डेटाबेस कंपनीने मानकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांसाठी तपासनीस करून तो सर्वांना खुला ठेवला. त्यात क्वेरी टाकली की ती गाभ्यात बसते का, आणि बसत नसेल तर मानकातली कोणती ऐच्छिक वैशिष्ट्ये तिने वापरली आहेत, हे क्रमांकासह कळते. त्याला आपले टेबल ठाऊक असावे लागत नाही, तो फक्त वाक्य वाचतो. ज्या प्रयोगशाळांत परीक्षेच्या वेळी इंटरनेट बंद असते, तिथे एसक्यूएलफ्लफसारखे मोफत साधन आधीच बसवून ठेवता येते. मात्र त्याचा मुख्य रोख लेखनशैलीवर आहे आणि त्यातली ‘अ‍ॅन्सी’ बोली मानकाबाबत फार काटेकोर नाही, असे त्याचे कर्ते स्वतःच सांगतात. त्याने हिरवा दिवा दाखवला म्हणून निश्चिंत राहू नये.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर हे पत्र एखाद्या साधनाची जाहिरात वाटेल. वाक्याचे व्याकरण तपासणारा तपासनीस अर्थ तपासत नाही. माझ्या एका जुन्या नोकरीत आम्ही ओरॅकलवरची एक मोठी प्रणाली पोस्टग्रेसवर नेली. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव हे तीन कॉलम दोन दांड्यांनी जोडून पूर्ण नाव छापणारी एक क्वेरी त्यात होती. व्याकरणाच्या दृष्टीने ती निर्दोष होती आणि कोणत्याही तपासनीसाने ती डोळे मिटून पास केली असती. नव्या प्रणालीवर पहिली यादी निघाली, तेव्हा ज्यांचे मधले नाव नोंदवलेले नव्हते त्या सगळ्यांच्या ओळी पूर्ण कोऱ्या आल्या, नुसते मधले नाव नव्हे तर आडनावासकट सगळेच गायब. कारण साधे होते. मानकानुसार मजकुराला ‘नल’ (म्हणजे नोंदच नसलेले मूल्य) जोडला की सगळेच ‘नल’ होते आणि पोस्टग्रेस तसेच करते. ओरॅकल मात्र रिकामा मजकूर आणि ‘नल’ एकच मानते आणि जोडताना ‘नल’ सोडून देते. मूळ क्वेरी लिहिणाऱ्याला आपण ओरॅकलच्या एका खासगी सवयीवर विसंबून आहोत याची कल्पनाच नव्हती, कारण कॉलेजात त्याला ती सवय म्हणजेच एसक्यूएल असे शिकवलेले होते. ‘नल’च्या जागी दुसरे मूल्य देणारे ‘कोअलेस’ हे मानकातले फंक्शन दोनच ठिकाणी घालून काम भागले, पण त्या दोन जागा सापडेपर्यंत आमच्या चार रात्री गेल्या.

टक्केवारीचेही तसेच आहे. ६० पैकी ४५ गुण, दोन्ही कॉलम पूर्णांक, आणि क्वेरीत ४५ भागिले ६० गुणिले १०० असे लिहिले, तर मायएसक्यूएल ७५ देते आणि पोस्टग्रेस शून्य, कारण ती भागाकारातला दशांश टाकून देते. भागाकारात दशांश किती ठेवायचे हे मानकाने उत्पादनावर सोडलेले आहे, त्यामुळे कायदेशीर दृष्ट्या दोघेही निर्दोष आहेत. चढत्या क्रमात ‘नल’ आधी की शेवटी, हेही मानकाने उत्पादनावरच सोडले आहे : पोस्टग्रेस आणि ओरॅकल शेवटी ठेवतात, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर आधी. म्हणून ताडून पाहणे म्हणजे तपासनीसात वाक्य टाकून मोकळे होणे नव्हे. तीच क्वेरी दुसऱ्या एखाद्या डेटाबेसवर चालवून निकाल जुळतो का हे पाहणे, हाही त्याचाच भाग आहे. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट दोन्ही फुकट आहेत आणि प्रयोगशाळेतल्या जुन्या मशीनवरही चालतात.

मराठी मजकुराच्या बाबतीत तर हा प्रश्न आपल्याला इतरांपेक्षा जास्त भोवतो, आणि यावर कुठल्याही महाविद्यालयात एकही प्रॅक्टिकल मला दिसलेले नाही. ‘पुणे’ या शब्दाची लांबी किती? कानाला अक्षरे दोन. युनिकोडमध्ये प, उकार, ण आणि एकार मिळून चार. यूटीएफ-८ या पद्धतीने साठवल्यावर बारा बाइट. मायएसक्यूएलचे ‘लेंग्थ’ १२ सांगते आणि पोस्टग्रेसचे ‘लेंग्थ’ ४ सांगते. मानकात ‘लेंग्थ’ नावाचे फंक्शनच नाही. तिथे ‘कॅरॅक्टर लेंग्थ’ आणि ‘ऑक्टेट लेंग्थ’ अशी दोन वेगळी फंक्शने आहेत आणि नावावरूनच अर्थ कळतो. इंग्रजी नावांवर सराव करणाऱ्याला हा फरक कधी दिसत नाही, कारण तिथे दोन्ही आकडे सारखेच येतात. मग तोच मुलगा पुढे एखाद्या अर्जाच्या फॉर्मवर ‘नाव ५० पेक्षा लांब नको’ अशी अट टाकतो आणि सोळा देवनागरी चिन्हांनंतर अर्जदाराला नाव आवरते घ्यावे लागते. एसक्यूएल सर्व्हरवर देवनागरी मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी ‘एन’ हे अक्षर लावायचे राहिले, तर नेहमीच्या मांडणीत टेबलात गावाच्या नावाऐवजी प्रश्नचिन्हांची रांग जाऊन बसते आणि मूळ मजकूर परत मिळत नाही. हे ‘एन’ कंपनीचे लहरी चिन्ह आहे असे अनेकांना वाटते, पण ते १९९२ च्या मानकातले आहे.

आता आक्षेपाकडे वळतो, कारण तो रास्त आहे. मानक कोणतेच उत्पादन पूर्ण पाळत नाही, मग विद्यार्थ्यांनी न चालणारे एसक्यूएल का शिकावे, असे मला प्राध्यापक मित्र विचारतात. पहिल्या दहा ओळी मागण्यासाठी सगळीकडे ‘लिमिट’ लिहितात, ते मानकात नाही. मानकातले ‘फेच फर्स्ट’ २००८ मध्ये आले, ते पोस्टग्रेस आणि २०१३ चे ओरॅकल १२-सी यांना समजते, मायएसक्यूएलमधूनच निघालेल्या मारियाडीबीला १०.६ पासून समजते, आणि मायएसक्यूएलला समजत नाही. म्हणून मायएसक्यूएलवर ‘लिमिट’ लिहिण्यात काहीच गैर नाही. बोलीला अशुद्ध ठरवून लाल रेघा मारण्याची मला हौस नाही. मी स्वतः दिवसभर बोलीतच लिहितो. फक्त आपण बोलीत बोलतो आहोत हे बोलणाऱ्याला माहीत असावे. आज नेमके उलटे घडते. ओळखीच्या एका विद्यार्थ्याने लेखी परीक्षेत ‘फेच फर्स्ट’ लिहिले. आदर्श उत्तरपत्रिकेत ‘लिमिट’ होते, म्हणून त्याला शून्य मिळाले आणि पुनर्मूल्यांकनातही ते शून्यच राहिले. प्रश्नपत्रिकेत कोणत्या डेटाबेससाठी उत्तर हवे हे लिहिलेले नव्हते. मानकाप्रमाणे लिहिणाऱ्याला मानकाच्या नावाने चालणाऱ्या विषयात गुण न मिळणे, ही निदान दुरुस्त करण्यासारखी गोष्ट आहे.

तेव्हा पुढच्या वेळी अभ्यासक्रम बदलताना प्रात्यक्षिकांच्या पानावर दोन-तीन ओळी वाढवाव्यात, एवढीच माझी मागणी आहे. प्रत्येक क्वेरीखाली ती कोणत्या डेटाबेसवर आणि कोणत्या आवृत्तीवर चालवली हे लिहावे आणि तिच्यातला कोणता भाग मानकाबाहेरचा आहे ते विद्यार्थ्याने स्वतःच्या अक्षरात नोंदवावे. तपासनीसाचा अहवाल चिकटवून हे काम भागू नये, कारण चिकटवलेले काहीही कुणी वाचत नाही हे आपण आणि मी दोघेही जाणतो. सत्रातली निदान चार प्रॅक्टिकल दोन वेगवेगळ्या डेटाबेसवर करावीत आणि निकाल जुळला नाही तर तो का जुळला नाही यालाच गुण असावेत. त्यातले एक तरी देवनागरी मजकुरावर असावे. मायएसक्यूएल वापरणाऱ्या प्रयोगशाळांनी ‘ओन्ली फुल ग्रुप बाय’ बंद करू नये, अशी सूचना प्रयोगपुस्तिकेत छापावी. लेखी प्रश्नपत्रिकेवर उत्पादनाचे नाव नसेल, तर मानकाप्रमाणे लिहिलेले उत्तर ग्राह्य धरावे, असे परीक्षकांना कळवावे.

आयएसओचा मूळ दस्तऐवज विकत घ्यावा लागतो, त्याचा एक भागच हजाराहून अधिक पानांचा आहे आणि तो वर्गात शिकवता येईल असा नाही, हे मला मान्य आहे. पण १९९२, १९९९ आणि २००३ च्या आवृत्त्यांचे व्याकरण उत्साही लोकांनी वेगळे काढून खुले ठेवले आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला शंका आली तर उघडून पाहायला तेवढे पुरते. जर्नलमधल्या नेहमीच्या तीस-चाळीस क्वेरी मी या उन्हाळ्यात अशा ताडून पाहिल्या आहेत आणि प्रत्येकीखाली काय मानकाबाहेरचे आहे व कोणत्या दोन डेटाबेसवर निकाल वेगळा येतो हे लिहून ठेवले आहे. ती वही कोणत्याही मंडळाच्या बैठकीत घेऊन यायला मी तयार आहे. येण्या-जाण्याचा भत्ता नको, फक्त बैठकीच्या खोलीत एक चालू मशीन असावे.

आपला नम्र,
डेटाबेसच्या कामावरचा एक पुणेकर आणि अधूनमधून एक्स्टर्नल